आजीला लागलेले चाइल्ड लॉक

आमच्या घरी कपडे धुण्याचे जे मशीन आहे, त्याला एक कुलूप आहे. कंपनी त्याला ‘चाइल्ड लॉक’ म्हणते. लहान मुलांनी उगाच बटणे दाबू नयेत म्हणून केलेली ही सोय. आमच्या घरात मात्र प्रकार उलटा आहे. चौथीत शिकणारा आमचा चिरंजीव हे कुलूप डोळे मिटून उघडतो आणि त्याच्या बहात्तर वर्षांच्या आजीला ते काही केल्या उघडत नाही. वाचक बंधुभगिनींना ही विनोदाची गोष्ट वाटेल. पण या कुलपापायी आमच्या आईने तीन आठवडे पहाटे उठून विहिरीवर धुणे धुतले, तेव्हा हा विषय एकदा कुटुंबाच्या पानावर मांडावा असे आम्हाला वाटले.

आमचे गाव चौल, तालुका अलिबाग. अष्टागराचा हा पट्टा नारळ-सुपारीच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पाहुणे येतात, वाड्यांची गार सावली पाहून खूश होतात. त्या सावलीत राबणारे हात कोणाचे, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या आईचे हात त्यांतलेच. लोकांच्या वाडीत शिंपणे करणे, पडलेल्या झावळ्या ओढून आणणे, सुपारी सोलणे, पावसाळ्यात चिखलात वाकून भात लावणे, यात तिची चाळीस वर्षे गेली. घरी आल्यावर सहा माणसांचे धुणे तिची वाट पाहत असायचे. वस्तीच्या विहिरीजवळ एक काळा दगड आहे. तो मधोमध गुळगुळीत झाला आहे. त्या गुळगुळीतपणात आमच्या आईचाही वाटा आहे.

२००९ साली नोकरीत कायम झाल्यावर आम्ही पतपेढीचे कर्ज काढून पहिले मशीन घेतले. दोन टबांचे, सेमी ऑटोमॅटिक. एका बाजूला कपडे धुवायचे, मग ते उचलून दुसऱ्या बाजूला पिळायला टाकायचे. त्याला तीन चक्र्या होत्या. आई जेमतेम दुसरीपर्यंत शाळेत गेलेली, पण तिने ते मशीन एका दुपारी शिकून घेतले. चक्री कुठवर फिरवली म्हणजे चादरी निघतात आणि कुठवर फिरवली म्हणजे पोरांचे गणवेश, हे तिच्या मनगटालाच कळत असे. डोळ्यांनी काही वाचावे लागत नव्हते. असल्या चक्रीच्या आत घड्याळासारखी स्प्रिंग असते. चक्री पिळली की ती करकर करीत उलगडत जाते, आवाज थांबला की काम झाले. वीज गेली, तर आल्यावर पुन्हा फिरवायची. ओल्या हाताने फिरव, साबणाच्या हाताने फिरव, पीठ लागलेल्या हाताने फिरव, तिने कधी नाही म्हटले नाही.

हान्स रोस्लिंग नावाचे स्वीडनमधील एक डॉक्टर होते. आकडेवारीचा अभ्यास सोप्या भाषेत सांगण्याबद्दल त्यांचे जगभर नाव झाले. २०१७ साली ते वारले. २०१० मध्ये त्यांनी धुलाई यंत्रावर एक भाषण केले होते. ते चार वर्षांचे असताना त्यांच्या घरी पहिले मशीन आले. आईवडिलांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पैसे साठवले होते. त्या दिवशी आजीला मुद्दाम बोलावून घेतले. आजीने जन्मभर चुलीवर पाणी तापवून सात मुलांचे कपडे हाताने धुतले होते. मशीनचे बटण आपणच दाबणार, असा तिने हट्ट धरला, दाबले, आणि मशीनसमोर बसून कपडे आत फिरताना ती शेवटपर्यंत पाहत राहिली. रोस्लिंग यांचे म्हणणे असे की, मशीनमुळे आईचा वेळ वाचला, ती त्यांना वाचनालयात घेऊन जाऊ लागली, आणि त्या पुस्तकांतून पुढे ते प्राध्यापक झाले. आमच्याकडे आईचा वाचलेला वेळ बचत गटाच्या बैठकीला गेला, नातवंडांना गेला, आणि खरे सांगायचे तर दुपारच्या झोपेलाही गेला. आयुष्यात पहिल्यांदा तिला दुपारी झोपता येऊ लागले. हे आम्हाला प्राध्यापकीइतकेच मोलाचे वाटते.

पुढे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या पडवीची कौले उडाली आणि मशीन भर पावसात उघड्यावर राहिले. कित्येक दिवस वीज नव्हती. वीज आल्यावर ओळखीच्या कारागिराने मशीन पुसून, वाळवून, पट्टा बदलून दिला, आणि ते पुन्हा चालू लागले! शेवटी चौलच्या खाऱ्या हवेने त्याचा पत्रा खाल्ला. तळाला भोक पडले आणि २०२३ मध्ये त्याला निरोप द्यावा लागला.

नवे मशीन फुली ऑटोमॅटिक घ्यायचे हे घरात एकमताने ठरले, कारण ओले जड कपडे एका टबातून दुसऱ्या टबात उचलताना आईचा खांदा भरून येत असे. साडेसतरा हजारांचे मशीन हप्त्यावर आणले. कपडे उत्तम धुते, पाणीही आपले आपण घेते, याबद्दल आमची तक्रार नाही. मोटरही चांगली असावी. तक्रार आहे ती झाकणापुढच्या त्या काळ्या पट्टीबद्दल. तिच्यावर चक्री नाही, उंचवटा नाही, खाच नाही. नुसती गुळगुळीत काच. वीज चालू केली की आत इंग्रजी अक्षरे उजळतात आणि पडवीत ऊन आले की तीही दिसेनाशी होतात. कोणतेही बटण दाबा, आवाज एकच, ‘टिंग’. चालू झाले तरी टिंग, बंद झाले तरी टिंग. नळाला पाणी कमी आले की मशीन थांबते आणि पडद्यावर दोन इंग्रजी अक्षरे दाखवते. त्यांचा अर्थ पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत आहे. वीज जाऊन आली तर आपण कुठे होतो याचा त्याला पत्ता नसतो. कपडे पाण्यात भिजत बसतात आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते, हे किनाऱ्यावरच्या वाचकांना सांगायला नको.

या टच बटणाचे तंत्र आम्ही समजून घेतले. काचेखाली अगदी सूक्ष्म विद्युतभार असतो. माणसाचे बोट जवळ आले की त्यात बदल होतो आणि मशीन ते ओळखते. पण काचेवर पाणी असेल तर पाण्यानेही तसाच बदल होतो आणि मशीन गोंधळते. बोटाची कातडी फार जाड आणि कोरडी असली, तर बदल इतका थोडा होतो की मशीनला कळतच नाही. म्हणजे धुणे धुणाऱ्या बाईचा हात ओला असला तरी चालत नाही आणि कष्ट करून घट्टे पडलेला असला तरी चालत नाही. मग चालतो कोणाचा? दुरुस्तीला आलेला मुलगा फार नम्र होता. तो म्हणाला, “काका, पॅनलला ओला हात लावायचा नाही, एवढंच सांभाळा.” कपडे धुण्याच्या मशीनला ओला हात लावायचा नाही! आम्ही त्याच्याकडे पाहतच राहिलो. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याला जे शिकवले तेच तो सांगत होता.

आमच्या पिढीच्या आईवडिलांना ‘स्पर्श’ या शब्दाचा अनुभव निराळाच आहे. वरून कोणी ओतेल तेव्हाच ओंजळीत पाणी, हे आईने लहानपणी पाहिलेले आहे. चवदार तळे याच आपल्या जिल्ह्यातले. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजाव्यात असे आम्ही म्हणत नाही. तो नकार माणसाने समजून उमजून दिलेला होता, आणि हा नकार आईसारखी बाई मनात न धरता कोणीतरी कागदावर काढलेल्या आराखड्यातून आला आहे. पण “माझ्या हाताला हे दाद देत नाही” असे आई म्हणाली, तेव्हा आमच्या पोटात कालवले, हे खरे.

आता त्या तीन आठवड्यांची हकिगत सांगतो. दोन विशिष्ट बटणे एकदम तीन सेकंद दाबून धरली की चाइल्ड लॉक लागते. आईची सवय अशी की काम झाले की वस्तू पुसून ठेवायची. भांडे असो, शेगडी असो, मशीन असो. तिने ओल्या फडक्याने ती काळी पट्टी नीट, दाबून पुसली आणि कुलूप लागले. दुसऱ्या दिवशी ती बटण दाबते तर नुसते टिंग टिंग, आणि एक छोटी लाल खूण. प्लग काढून लावला तरी तेच. तिची समजूत झाली की मुलाने हप्त्यावर आणलेली वस्तू आपल्या हातून मोडली. हप्ते अजून सात बाकी होते, तेही तिला ठाऊक होते. त्या दिवसापासून आम्ही अलिबागला कामावर आणि आमच्या पत्नी अंगणवाडीत जाण्याच्या आधी, पहाटे अंधारातच, ती कपडे घेऊन विहिरीवर जाऊ लागली. परत येऊन पडवीत वाळत घालायची. कोणी विचारले तर “मशीन लवकर लावलं” म्हणायची. आम्हाला दोरीवर धुतलेले कपडे दिसत होते. आणखी काय दिसणार?

कळले ते आमच्या पत्नींना. आईच्या बोटांची पेरे फुटली होती, त्यांना तेल लावता लावता त्यांनी विचारले, “आई, एवढं पाण्यात कशाला हात घालता?” तेव्हा आईने सांगितले. कंबर धरली होती, तेही सांगितले. ती रडली नाही. फक्त म्हणाली, “तुला बोल लागू नये म्हणून गप्प राहिले. पैसे देऊन झाले की सांगणार होते.” चिरंजीव शेजारीच अभ्यासाला बसले होते. ते उठले, दोन बोटे काचेवर ठेवली, मनात तीन मोजले आणि म्हणाले, “आजी, हे मोडलं नाही काही. लॉक आहे.” आईने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन आम्हाला जमणार नाही. त्यात सुटका होती आणि अपमानही होता. पुढे कितीतरी दिवस ती त्याच्या शाळा सुटण्याची वाट पाहायची, मग मशीन लावायची. जन्मभर जिने कोणाला आपल्या कामासाठी थांबवले नाही, ती नातवाच्या बोटासाठी थांबू लागली.

मुलांच्या सुरक्षिततेसाठी कुलूप हवे, याबद्दल वादच नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या रोहिणी भागात तीन वर्षांची जुळी भावंडे वरून उघडणाऱ्या मशीनच्या पाण्यात पडून दगावली. असे ऐकून कोणाचे काळीज हलणार नाही? पण आमच्या मशीनचे चाइल्ड लॉक झाकणाला लागतच नाही. ते लागते फक्त बटणांना. मूल झाकण उघडून आत वाकले तर कुलूप ते अडवीत नाही. म्हणजे या कुलपात मूल सुरक्षित नाही, मशीनचा कार्यक्रम तेवढा सुरक्षित आहे.

आम्ही पडलो कारकून माणूस. कागद वाचल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. हमीपत्र वाचले. मोटरवर दहा वर्षांची हमी आहे आणि बाकी सर्वांवर, म्हणजे त्या काचेच्या पट्टीवर आणि तिच्यामागच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर, दोन वर्षांची. खाऱ्या हवेत आधी काय बिघडणार, हे चौलचे शेंबडे पोरही सांगेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात वस्तूच्या रचनेतील दोषाबद्दलही निर्मात्याला जबाबदार धरले आहे. ही मोठी गोष्ट आहे. पण त्यासाठी मृत्यू, इजा, आजार किंवा अन्य मालमत्तेचे नुकसान असे काही दाखवावे लागते. म्हातारीला बटण लागत नाही, याला कायद्याच्या भाषेत नुकसान म्हणत नाहीत. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ४३ वे कलम आहे. दिव्यांगांसह सर्वांना वापरता येतील अशा घरगुती वस्तू तयार व्हाव्यात आणि मिळाव्यात, यासाठी शासनाने पावले उचलावीत, असे ते सांगते. कमी दिसणारा, थरथरणारा, घट्टे पडलेला हात हा त्याच कलमाच्या अंगणातला आहे, असे आमचे मत आहे. खोक्यावरच्या मजकुराचे तर विचारूच नका. वेष्टनावरील माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत असली की नियम पाळला गेला. मराठीची सक्ती त्यात नाही.

१९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीतूनही बोलता येते. आम्ही तक्रार नोंदवली, कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्रही पाठवले. कंपनीचे उत्तर आले ते असे : तपासणीत मशीनमध्ये दोष आढळला नाही. बरोबरच आहे! दोष आढळेल कसा? मशीन ठरवल्याप्रमाणेच चालते आहे. ठरवलेच वाईट आहे, त्याची तपासणी कोण करणार?

आमच्यासारख्यांना कोणी म्हणेल, तुम्हाला आधुनिक गोष्टी झेपत नाहीत. तर ऐका. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाचे ‘जॉन मॅककेन’ हे लढाऊ जहाज एका तेलवाहू जहाजावर आदळले आणि दहा खलाशी मेले. जहाज चालवण्याचा कारभार टच पडद्यावर दिलेला होता आणि कोणत्या पडद्यावरून काय चालले आहे याचा गोंधळ झाला, हे चौकशीत पुढे आले. २०१९ मध्ये त्या नौदलाने वेग सांभाळायला पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवायचे ठरवले. युरोपात मोटारींच्या सुरक्षिततेला तारे देणारी ‘युरो एनकॅप’ ही संस्था आहे. तिच्या २०२६ च्या नियमांत हॉर्न, वायपर, इंडिकेटर अशा गोष्टींना हाताला लागणारी खरी बटणे असण्यावर गुण ठेवले आहेत. शिकलेले खलाशी आणि युरोपातले मोटारवाले जिथे चक्री परत मागतात, तिथे आमच्या आईने का मागू नये?

आणि आपल्याकडे हे झालेले आहे. १९६३ साली मुंबईत माधुरी माथुर या गृहिणीचा परदेशी बनावटीचा मिक्सर बंद पडला. तो तिकडच्या स्वयंपाकासाठी केलेला. ओले खोबरे, भिजवलेली डाळ, हळकुंड त्याला कसे झेपावे? त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर इंजिनिअर होते. बायकोचे म्हणणे त्यांनी कानाआड केले नाही. आपल्या वाटणाला पुरेल अशा दणकट मोटरचा मिक्सर त्यांनी बनवला, तो ‘सुमीत’. घरोघरचे पाटे-वरवंटे ज्या यंत्रांनी कोपऱ्यात बसवले, त्यांत त्याचे नाव वर आहे. वापरणारी बाई काय म्हणते, एवढे ऐकले म्हणून हे घडले.

रेशन दुकानावरच्या आमच्या कामातही हीच बोटे भेटतात. तिथल्या यंत्रावर अंगठा ठेवायचा आणि तो जुळला तर धान्य. वाडीत, मिठागरात, वीटभट्टीवर काम केलेल्यांच्या अंगठ्याच्या रेषाच झिजून गेलेल्या असतात. चार-चार वेळा पुसून ठेवतात, तरी यंत्र नाही म्हणते. तिथले तंत्र वेगळे, काचेच्या पट्टीचे वेगळे. पण नाही म्हटले जाते ते त्याच बोटांना. रेशनवर निदान मोबाइलवर नंबर मागवण्याची पर्यायी वाट असते आणि आम्ही भांडून ती वापरायला लावतो. घरातल्या मशीनशी कुठे जाऊन भांडायचे?

शेवटी घरीच उपाय केला. पत्नींनी नेलपॉलिशचे जाड थेंब एकावर एक वाळवून काचेवर उंचवटे केले. चालू करायच्या बटणाशेजारी एक, सुरुवातीच्या बटणाशेजारी दोन. कुलपाच्या दोन बटणांवर उभी रेघ, म्हणजे इथे पुसायचे नाही. चिरंजीवांनी मराठीत चिठ्ठ्या लिहून चिकटपट्टीने लावल्या. भिंतीला खिळा ठोकून कोरडा पंचा टांगला. आता आई हात पुसते, थेंब चाचपते आणि बहुतेक वेळा मशीन लावते. बोटाऐवजी बोटाच्या मागच्या पेराने दाबले तर लवकर लागते, हा शोध तिचा स्वतःचा. वस्तीतल्या दोन आजीबाई तो शिकून गेल्या. वीज गेली की मात्र अजूनही पहिल्यापासून.

धाकट्या बहिणीकडे नागोठण्याला या दिवाळीत मशीन घ्यायचे आहे. तिची सासू आमच्या आईच्याच वयाची. दुकानात दोघी विहिणींना बरोबर नेणार आहोत. दुकानदाराला फोन करून सांगून ठेवले आहे : दाखवायच्या मशीनला वीज जोडलेली असू द्या, आणि शेजारी एक बादली पाणी ठेवा.